गाठ नसलेली शिवण

हेमंतातलं ऊन. सुवर्णपिंगट, सौम्य, आणि तरीही थाऱ्यावर नसलेलं. कापणी झालेल्या खाचरांवरून ते सरकत होतं, माडांच्या झावळ्यांतून निथळत होतं, खाडीच्या जळावर घटकाभर टेकून पुन्हा उठत होतं. शुक्रवारचं ऊन ते. त्याला घाई होती.

शुक्रवारचा सूर्य समुद्रात उतरला की शब्बाथ, शनिवारचा पवित्र विसावा, लागतो, आणि शब्बाथला माती देत नाहीत. सिम्हाबाई आदल्या संध्याकाळी गेली होती. आज सूर्यास्ताच्या आत तिला जमिनीत विसावायचं होतं.

ओटीवर तिची लेक मिल्का कफन शिवत बसली होती. शुभ्र कोरं मांजरपाट, शुभ्र दोरा, आणि रडून रडून पांढरंफटक पडलेलं तोंड. बेने इस्रायलांची, कोकणातल्या ज्यूंची, जुनी रीत अशी, की कफनाच्या दोऱ्याला गाठ मारायची नाही. जाणाऱ्याला कशातही अडकवून ठेवायचं नाही. त्यामुळे ती शिवण फार भोळी असते. एक हिसडा दिला, की वीतभर सुटून हातात येते.

आणि मिल्का हिसडे देत होती.

टाका, टाका, टाका. मग रस्त्याकडे नजर. मग हळूच हिसडा. पुन्हा सुई, पुन्हा टाका, पुन्हा तो निर्मनुष्य, धुळीनं पिवळा रस्ता. शेजारी बाही जोडणारी दीनामावशी कुरकुरली, की एवढ्या वेळात मी अख्ख्या गावाचे सदरे शिवले असते.

ती वाट बघत होती हस्केलची, थोरल्या भावाची. नऊ वर्षांपूर्वी त्यानं परधर्मातली मुलगी केली, तेव्हा याच ओटीवर आई कडाडली होती, "माझ्या मातीलाही येऊ नकोस." हस्केल आईवरच गेलेला, हट्टाला पुरा. मुंबईहून नऊ वर्षांत तो एकदाही खाडी ओलांडून आला नाही.

पण काल, दिवेलागणीच्या धूसर वेळी, मिटत्या डोळ्यांनी, विरत्या श्वासानं आई पुटपुटली होती, की त्याला म्हणावं, मातीला ये. ते ऐकलं एकट्या मिल्कानं. आणि पहाटेच्या लाँचनं निघालेल्या शेजाऱ्याजवळ तिनं निरोप धाडला तो एवढाच, की आई गेली. उरलेलं अर्धं रडण्यात वाहून गेलं. लाँच दिसेनाशी झाल्यावर तिच्या ते ध्यानात आलं, आणि तेव्हापासून तिच्या जिवाची घालमेल चालली होती. न बोलावता तो कसा येणार?

ऊन ओटीवरून उतरलं. ऊन अंगणातून निघालं. ऊन तुळईएवढं लांब, तुळईएवढं अरुंद झालं.

प्रार्थना म्हणणारे बिनयामीनकाका तीनदा डोकावून गेले होते. चौथ्यांदा ते तिच्यासमोर उकिडवे बसले. मांजरपाटावर सुईची रिकामी भोकं होती, ओळीनं, चाळणीसारखी. काकांना सगळं उमगलं.

"पोरी," ते म्हणाले, "वाट तू बघतेस, पण ताटकळतेय तुझी आई."

मिल्काला स्वतःची लाज वाटली. मग तिनं रस्त्याकडे पाहिलं नाही. एका दमात, एका ओळीत, अश्रूंच्या पडद्याआडून तिनं शिवण पुरी केली.

कब्रस्तान खाडीच्या उतारावर होतं. भोवती जांभ्याची बुटकी, शेवाळश्यामल भिंत. आत हिब्रू आणि मराठी अक्षरं एकमेकांना खेटून बसलेल्या कबरी. गावच्या रीतीनं बायका फाटकाशीच थांबायच्या. पुरुष आईला खांद्यावर घेऊन आत गेले, आणि मिल्का भिंतीला टेकली.

तिथेच, भिंतीच्या कोपऱ्याशी, सुरंगीच्या सावलीत एक माणूस उभा होता. केस पिकलेले, बूट धुळीनं माखलेले, कपाळ जांभ्यावर टेकलेलं. नऊ वर्षांनंतरही तिनं ती मान ओळखली.

"दुपारच्या लाँचनं आलो," हस्केल म्हणाला. "इथूनच बघतो. आत येऊ नको म्हणाली होती ना ती."

म्हणजे सबंध दुपार तो इथे उभा होता. सबंध दुपार ती तिथे टाके उसवत होती. मिल्काला हसू फुटलं की हुंदका, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"दादा, आईनं बोलावलंय तुला. काल. शेवटचं तेच बोलली. त्याला म्हणावं, मातीला ये."

त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. क्षणभर, खोल, लहान मुलासारखं. मग तो वळला आणि फाटकातून जवळजवळ धावतच आत गेला.

सूर्याची शेवटची कोर पाण्यावर थरथरत होती. भिंतीपलीकडे माती पडत होती. एकाची, दुसऱ्याची, तिसऱ्याची. मग सगळं थांबलं. सगळ्यांनी वाट दिली असावी. आणि मग एक मूठ पडली. सावकाश, जड, लेकाची. पाण्यावरचं ऊन विझलं.