अटलांटिकवरचं आवतन

दारावरून जाणाऱ्याला जेवायचं विचारल्याशिवाय कोल्हापूरचा माणूस सोडत नाही. माझा नवरा अमरसिंह अटलांटिकलाही दारच समजतो.

आमची शिडाची होडी आफ्रिकेहून ब्राझीलला निघाली आहे. माणसं दोनच. एकानं सुकाणू धरायचं, तेव्हा दुसऱ्यानं झोपायचं. वारा फिरला की शीड फिरवायचं. संपला दिवस.

काल एक मालवाहू जहाज जवळून गेलं. कप्तानानं वायरलेसवर आमची खुशाली विचारली. अमरसिंहनं ती सांगितली आणि लगेच त्याला जेवायला बोलावलं. होडीत बटाटे उरले होते दोन. कप्तान आभार मानून निघून गेला.

"दारात येऊन च्या बी न घेता गेला बघ," म्हणत अमरसिंह फुगून बसला.

माझं टाळकं सरकलं. "आफ्रिका सोडल्यापासनं मी एकटीच जेवतोय. मला कधी इचारलंय काय?"

मग त्यानं शीड उतरवलं, दोन्ही बटाट्यांची भाजी केली आणि दोन ताटं वाढली.

"पावणं, जेवून जावा की."

रीतीप्रमाणं मी आधी म्हटलं, "नको, उशीर व्हतोय."

मग बसले.