तळ्याच्या बुडाची माती

पानशेतला सौदामिनी मॅडमनी बंगला बांधला, तवा माझी काय तक्रार नव्हती. मग त्यास्नी अंगणात तळं आन् त्यात पडणारा ओढा पायजे झाला. समोर एवढं धरण दिसतंय, तरीबी. ती जागा म्हंजे नुसती वाळू. दोनदा टँकर वतला, दोन्ही टायमाला सांजच्याला बूड कोरडं. म्याच कुंपणाशी उभी राहून सांगितलं, "बाई, चिकण माती तुडवून बुडाला थापल्याबिगर हितं पानी थांबायचं न्हाई." माझीच जीभ वळवळली.

मग म्या आठ दिस लेकीकडं गुंजवण्याला गेले. परत आले तर तळं तुडुंब, ओढा वाहतोय. मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आखाडात माझ्या खाचरात चिखलणीला पानी अडवलं. एकच खाचर हाय माझं, त्यातच वर्साचा तांदूळ. सकाळी भरलेलं पानी दुपारी गडप. उकरून बघितलं, तर वीतभर खाली लाल मुरूम. सासऱ्यानं, मालकानं, म्या तुडवून तुडवून धरलेला तळ कुनी तरी खरवडून न्हेला व्हता. माझं डोकंच फिरलं.

पुतण्या हनुमंत बंगल्यावर राखणीला हाय. त्याला धरला, तर म्हणतो, "काकी, चारच टेम्पो न्हेले. तुमी नव्हता घरी. त्या जागी मुरूम भरून वर वीतभर माती पसरून दिली की. मातीच तर हाय."

"भात खाऊनच मोठा झालास ना रं? मातीच तर हाय म्हणतोस?"

तशीच मॅडमकडं गेले. त्या म्हणाल्या, "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. पण आता माती काढली तर तळं गळेल. मासे सोडलेत. पुढच्या वर्षी बघू या." म्हंजे वरीसभर आमी काय खायचं, त्ये मासे सांगणार व्हय?

रोप उपटायला आलेलं, आणखी थांबलं असतं तर वाया. दुसऱ्या दिशी जुड्या डोक्यावर घेतल्या, लुगडं खोचलं आन् बंगल्याच्या तळ्यात उतरले. कडेला घोटाभर पानी, लावणीला नेमकं. पाय टेकताच माती वळखली. रडू आलं, पण हात थांबवला न्हाई.

मॅडम धावत आल्या. "मावशी, हे काय करताय?"

"लावणी. माझं खाचर हितं आलंय, मग म्या कुठं जाऊ?"

हनुमंत मॅडमच्या मागं उभा व्हता. त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग चपला काढल्या, विजार गुडघ्यावर घेतली आन् माझ्या हातातली जुडी घेऊन शेजारी वाकला.