घाटीतले दगड आणि माझी मोठी चाके

मित्रांनो, माझ्यावर हसायचे असेल तर आधी पोटभर हसून घ्या. मी एक जुनी, मोठ्या चाकांची स्कूटर आहे. अंग स्कूटरचे आणि पाय मोटारसायकलचे, असे माझे रूप. जयगडच्या वाटेवरचा आमचा मोहल्ला मला 'म्हैस' म्हणतो. मला त्याचे वाईट वाटत नाही. ज्याचे वाटते, ते आज सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मुंबईत मला जैनुद्दीनचाचांनी घेतले. जहाजाच्या भट्टीत कोळसा घालण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेलेले. रत्नागिरीला बोट लागली, तेव्हा खलाशांनी मला पडाव नावाच्या होडीतून किनाऱ्यावर उतरवले. "आता ही वाळूत रुतणार," लोक म्हणाले. चाचांनी हळूच ढकलले, आणि मी ओल्या वाळूतून रस्त्यापर्यंत चालत गेले. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले.

ते कौतुक 'बगळी' येईपर्यंत टिकले. बगळी म्हणजे चाचांचा पुतण्या जमाल याची स्कूटर. पांढरीशुभ्र, ठेंगणी, आणि चाके पोळपाटाएवढी. खोटे कशाला बोलू, ती हलकी होती, चटकन वळायची, आणि चाक फुटले तर पाठीशी दुसरे तयार. शहरातल्या डांबरी रस्त्यावर तिच्यासारखी तीच. पण आमच्याकडे डांबर कुठले? आमच्याकडे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडे पठार, आणि सड्यावरून खाली मोहल्ल्यात उतरणारी लाल मातीची घाटी.

त्या घाटीची एक रीत आहे. चिऱ्यांनी भरलेली बैलगाडी चढावर आली की बैलांना दम लागतो. मग गाडीवान चाकामागे दगड लावतो आणि बैलांना श्वास घेऊ देतो. निघताना तो दगड तिथेच ठेवतो. आळसाने नव्हे बरे का! मागून येणाऱ्या गाडीवानाला दगड शोधत फिरायला लागू नये, म्हणून. एकाने दुसऱ्यासाठी ठेवलेली ती माया. पण ती माया लाल मातीत लाल होऊन पडून राहते, आणि वरून उतरणाऱ्याला दिसत नाही.

अशा दगडावर मोठे चाक चढते आणि पलीकडे उतरते. लहान चाक त्याला धडकते आणि जागीच थांबते. खड्ड्याचेही तसेच. मोठे चाक दोन्ही काठांवर टेकून पुढे सरकते, लहान चाक अख्खे आत जाते. चाक थांबले तरी वर बसलेला माणूस थांबत नाही, मित्रांनो. तो पुढे जातो.

आणि बगळीवर सगळ्यांत पुढे कोण असायचे? जन्नत. जमालची पाच वर्षांची लेक. बापाच्या गुडघ्यांमध्ये, पायफळीवर उभी. हँडल धरून "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" म्हणत ती घाटी उतरायची. तिची आई खतिजा दारात उभी राहून ऐकायची. बगळीचा आवाज दारापर्यंत आला की मगच ती चुलीकडे वळायची.

एकदा बगळीचा दिवा फुटला. एकदा जमालचे गुडघे सोलले. मग एका दुपारी जन्नत ओठातून रक्त गाळत घरी आली. हँडलवर आपटली होती. खतिजाने तिचा ओठ धुतला, आणि तशीच ओल्या हातांनी चाचांकडे आली.

"चाचा, माझं ते ऐकायचे नाहीत. तुमचं ऐकतील काय?"

"माझं तर मुळीच नाय ऐकायचा गो," चाचा म्हणाले. "माझ्याकडे म्हैस ना!"

ती हसली नाही. चाचांचेही हसू तोंडातच राहिले.

ईदच्या आधी जमाल आणि चाचा कापड आणायला रत्नागिरीला गेले. जन्नत बगळीवर, मी मागे. परतताना सड्यावर वारा पडलेला होता. एक पान हलत नव्हते. जन्नतला उभ्याउभ्या पेंग येत होती. तिचे डोके हँडलवर टेकायचे, दचकून उठायचे, पुन्हा टेकायचे. मागून मला सारे दिसत होते, आणि मला तोंड नव्हते.

घाटीच्या तोंडाशी चाचांनी मला पुढे काढले आणि बगळीच्या वाटेत आडवी उभी केली.

"पोर उतरव."

"चाचा, घर तर आलं. लोक बघतायत."

"बघू देत. पोर उतरव, जमाल."

"त्या म्हशीवर? लोक म्हणतील, जमालला गाडी हाकता येत नाय!"

"म्हणू देत रे. माझ्या म्हशीला म्हणतात, मी मेलो काय?"

जन्नत रडली. तिला पुढेच उभे राहायचे होते. चाचांनी तिला माझ्यावर मागे बसवले आणि डोक्याचा फेटा सोडून तिला स्वतःच्या कमरेशी बांधले. जमालने आमच्याकडे पाहिलेही नाही. रागारागाने बगळी सुटली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. तिचा आवाज येत होता, येत होता, आणि मग एकदम थांबला.

चाचांनी मला हळूहळू खाली आणले. वळणावर मातीत काहीतरी पांढरे आडवे पडले होते. जमाल पलीकडे बसला होता, त्याचा उजवा हात नको तिथे वाकलेला. बगळीचा पुढचा पत्रा मागे दबून थेट सीटला टेकला होता.

चढावर गाडी उभी करून भागोजी गाडीवान धावत आला. "दगड मीच ठेवला हो!" तो म्हणत राहिला. "मागच्या गाडीसाठी ठेवला. नेहमीच ठेवतो."

चाचांच्या कमरेशी बांधलेली जन्नत मान काढून त्या दबलेल्या पत्र्याकडे बघत होती.

"अब्बा," ती म्हणाली, "आता मी कुठं उभी राहू?"

जमालने तोंडावर डावा हात घेतला.

त्याचा हात बरा झाला, पण सरळ झाला नाही. बगळी मात्र अगदी सरळ झाली. ठोकून, रंगवून पुन्हा पांढरीशुभ्र. तिला विकत घ्यायला सावर्ड्याहून दादू नावाचा एक दुकानदार आला. बरोबर त्याची लेक, कमळा.

"पडलीबिडली नाही ना कधी?" दादूने विचारले.

"रंग बघा की," जमाल म्हणाला.

दादू खूश झाला. कमळाला उचलून त्याने पायफळीवर उभे केले. तिने दोन्ही हातांनी हँडल धरले. अंगणात मी उभी होते, आणि माझे लोखंड गार पडले.

परक्या पुरुषासमोर कधी न येणारी खतिजा ओढणी सावरत अंगणात आली.

"भाऊ, पोरीला खाली घ्या. तिथं माझी जन्नत उभी राहायची. त्या दिवशी चाचांनी तिला उतरवली, आणि वळणावर तो पत्रा सीटला चिकटला."

दादूने जमालकडे पाहिले. "खरं काय हो?"

जमालने आपल्या वाकड्या हाताकडे पाहिले.

"खरं," तो म्हणाला. "बायको बोलली ते सगळं खरं. मी बोलणार नव्हतो."

दादूने कमळाला उतरवले, कडेवर घेतले, आणि तो चालत निघून गेला.

मित्रांनो, आता माझे रबर चिरले आहे. माझ्या मापाचे टायर मिळत नाहीत, म्हणून मी मांगराच्या छपराखाली गवताच्या भाऱ्यांशेजारी उभी असते. वापरत नसलात तरी चालेल, पण माझी धूळ तेवढी झटकत जा. आणि वाट खडकाळ असेल तर गाडीचा रंग बघण्याआधी तिची चाके बघा. तुम्हाला कोणी हौसेने पुढे उभे केले, तर त्यांना सांगा, मला मागे बसवा. ते रागावतील. रागावू देत. दारात तुमची आई कान देऊन उभी असते.