आप्पांना गाडीवर घेऊ नका

आमच्या भरे गावात कुणी रस्त्याने पायी जाताना दिसला की त्याला गाडीवर घ्यायचं, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच. कोंडिबा आप्पा पायी निघालेत आणि तुम्ही बुलेटवरून तसेच पुढे गेलात, तर संध्याकाळपर्यंत तुमच्या बापाला कुणीतरी विचारणारच, "पोरगं लई मोठं झालं का रं तुजं?" त्यामुळे बुलेट थांबते, स्कूटी थांबते, दुधाचा टेम्पोसुद्धा थांबतो. "बसा आप्पा." यावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आप्पांनी जन्मात कुणाचा अपमान केला नव्हता, म्हणून ते बसायचे.

हे आप्पा म्हणजे माझे वडील. मी कैलास, हिंजवडीतल्या एका कंपनीच्या माणसांना नेणारी-आणणारी बारा सीटची गाडी चालवतो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर आप्पांच्या डाव्या पोटरीत कळा यायला लागल्या. शंभर-दीडशे पावलं चालले की पाय लाकडासारखा व्हायचा. साखर तर दहा वर्षांपासून होतीच. पिरंगुटच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे पायाला यंत्र लावून पाहिलं आणि सांगितलं की रक्तवाहिन्या आखडल्यात, रक्त खाली पोचत नाही. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "खरं औषध चालणं आहे. दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, कळ गेली की परत चालायचं. रोज पाऊण तास. हे केलं नाही आणि उद्या पायाला जखम झाली, तर ती भरायची नाही. मग पाय काढावा लागेल."

बाहेर आल्यावर आप्पा मला म्हणाले, "पन्नास वर्सं औतामागं चाललो, ते काय जमंला धरत न्हाईत व्हय?"

काय सांगणार? आठ वर्षांपूर्वी आम्ही डोंगराकडची जमीन विकली. त्या दिवसापासून आप्पांना सकाळी उठून कुठे जायचं कारणच उरलं नाही. पडवीत खुर्ची आली, समोर टीव्ही आला, हाताशी चहा आला. घरात आम्ही सगळे खूश होतो की म्हाताऱ्याला आता आराम आहे. त्या आरामानेच पाय खाल्ला, पण हे आम्हाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत कळलं नाही.

आता चालायचं कुठे? आमच्या विकलेल्या जमिनीवर सोसायटी झाली आहे. तिच्यात आतून गोल फिरणारा लाल रंगाचा चालण्याचा रस्ता आहे, कडेला झाडं, पन्नास पावलांवर बाकडं. आप्पांना असाच रस्ता हवा होता. एकदा ते गेले तर फाटकावरच्या पोराने विचारलं, "अंकल, कौनसा फ्लॅट?" आप्पा म्हणाले, "फ्लॅट न्हाई, ह्यो बांध माजा हाय." पोराला मराठी कळत नव्हतं, आणि कळून तरी त्याने काय केलं असतं? आप्पा परत आले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

मग मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. भऱ्याहून घोटावडे फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला कडेने चालायला पट्टी करा, मध्ये चार बाकडी टाका, एवढंच. आमचे पंच अण्णासाहेब म्हणाले, "रस्ता आपल्याकडं येत न्हाई कैलास, वरच्या खात्याचा हाय. पर व्यायामासाठी निधी आलाय." त्या निधीतून पंचायतीच्या मागे सहा लोखंडी यंत्रं बसली, पिवळी आणि निळी. शेजारी फ्लेक्स लागला, 'चाला, निरोगी राहा'. त्या यंत्रांवर सध्या लोक गोधड्या वाळत घालतात. मी चिडलो की बायको म्हणते, तुम्ही उगाच चिडता. उगाच कसा?

राहिला रस्ता. जानेवारीपासून आप्पा सकाळी आठला निघायला लागले. आणि दहा मिनिटांत परत यायचे, तेही कुणाच्या तरी गाडीवरून. माझी बायको रेश्मा त्यांच्या खिशात सिम नसलेला जुना मोबाइल घालून पावलं मोजायची. चारशे भरायची, कधी तीनशे. भानगड सरळ होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कळ आली की आप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, आणि आमच्याकडे रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला माणूस म्हणजे गाडीची वाट बघणारा माणूस. लगेच कुणीतरी करकचून ब्रेक मारायचं. आप्पांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण शेतकरी माणूस उगीचच चालतोय, कुठे जायचं नाही, काही आणायचं नाही, हे लोकांच्या डोक्यातच शिरेना. त्यांना वाटायचं, म्हातारा संकोचतोय. हाताला धरून बसवायचे.

आई एकदा म्हणाली, "ह्या मायेनंच पाय जायाचा त्यांचा." आईला, म्हणजे रंभाबाईला, फार बोलायची सवय नाही. तिने बोलल्यावर मला राहवेना. रविवारी मी देवळातल्या स्पीकरच्या माइकपुढे जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, "सर्व ग्रामस्थांना विनंती आहे. आमच्या आप्पांना कोणीही गाडीवर घेऊ नका. थांबलेले दिसले तरी थांबू नका. हात केला तरी घेऊ नका. त्यांचा पाय वाचवायचा आहे." गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलं, आप्पांच्या फोटोसकट. हात केला तरी घेऊ नका, हे शब्द माझेच. कुणी सुचवले नव्हते.

गावाने काय ऐकलं म्हणता! आमच्या गावाने पाणीपट्टी भरा म्हटलं तर ऐकलं नाही, कचरा वेगळा करा म्हटलं तर ऐकलं नाही. पण हे ऐकलं. आप्पा दिसले की गाड्या दोनदा हॉर्न वाजवायच्या आणि पुढे जायच्या. "चला आप्पा, चला!" "आज किती झालं?" शाळेची पोरं टाळ्या वाजवायची. एप्रिलच्या उन्हात एकदा आप्पांनी खरंच वैतागून शेजारच्या जनार्दनला हात केला. तो पिकअप घेऊन चालला होता. जनार्दन हसला, मान हलवली आणि गेला. संध्याकाळी त्याने पारावर ते रंगवून सांगितलं, आप्पाही हसले. तेव्हापासून ती गंमतच झाली. आप्पा मुद्दाम हात करायचे आणि लोक ओरडायचे, "न्हाई घेनार!"

आणि पाय सुधारला. जूनमध्ये डॉक्टरांनी परत यंत्र लावलं. आधी दीडशे पावलांत थांबणारा माणूस आता सलग सातशे पावलं चालत होता. डॉक्टर म्हणाले, तुमच्या गावाचं कौतुक आहे. मी ते कौतुकही ग्रुपवर टाकलं.

आप्पांचं मात्र एक म्हणणं होतं. "पाय ऱ्हायला, पर बोलनं गेलं रं. गाडीवर बसलं की चार गोष्टी व्हायच्या. कुनाची म्हस व्याली, कुनाचं लगीन जमलं. आता समदी पिपी करून जात्यात." मी म्हटलं, "गप्पा घरी बसून मारा. रस्त्यावर चाला." माझा स्वभाव असा तोडून बोलायचा. ते उठून टीव्हीसमोर जाऊन बसले.

नोव्हेंबर उजाडला, भाताची कापणी चालू होती. त्या गुरुवारी माझी सव्वाआठची फेरी होती, गाडीत अकरा माणसं. ओढ्याच्या पुलाजवळच्या वळणावर आप्पा दिसले. एक हात कठड्यावर, दुसरा वर केलेला. पुढच्या सीटवरची एक मुलगी म्हणाली, "दादा, ते आजोबा हात करतायत." मी म्हटलं, "माझेच वडील आहेत. त्यांना गाडीत घ्यायला बंदी आहे." गाडीत सगळे हसले. मी वेग थोडा कमी केला, दोनदा हॉर्न वाजवला. काच वर होती, एसी चालू होता. आप्पांचं तोंड हललं. पुढे गेल्यावर मी आरशात पाहिलं, हात अजून वरच होता. मला वाटलं, आज म्हातारा रंगात आहे.

पुढचं मला पारूने सांगितलं. पारू वरच्या वाडीवरची, रोज खाली कापणीला येते, पाच किलोमीटर चालत. गावाचा तो गाडीचा कायदा वाडीच्या माणसांना लागत नाही; तिला कुणी कधी गाडीवर घेतलेलं मी पाहिलेलं नाही. ती ना आमच्या ग्रुपवर, ना देवळाच्या स्पीकरचा आवाज तिच्या वाडीपर्यंत पोचतो. ती पुलावर आली तेव्हा आप्पा खाली बसले होते, कठड्याला टेकून, अंग घामाने भिजलेलं, हात छातीवर. ती म्हणाली, "म्या इळा टाकला आन गाड्यांना हात केला. धा-बारा गेल्या. कुनी थांबंना." तिच्यासाठी का थांबतील? शेवटी ती पळत फाट्यावर गेली, चहाच्या टपरीवर जनार्दन होता, त्याला घेऊन आली. जनार्दनने आप्पांना पिकअपमध्ये घातलं. पिरंगुटला पोचेपर्यंत संपलं होतं. मला कंपनीच्या फाटकात फोन आला.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता. पायातल्या रक्तवाहिन्या आखडतात तशाच तिथल्याही आखडतात. मग म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर बघता आलं असतं." मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी आपण होऊन सांगितलं.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लोक भेटायला यायचे, सतरंजीवर बसायचे आणि थोड्या वेळाने त्यांचं ठरलेलं वाक्य बाहेर पडायचं. "कैलास, त्या दिशी मी बी तितनं गेलो. मला वाटलं, गमतीनं हात करत्यात." दूधवाला आला, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर आला, बँकेतला पोरगा बायकोला घेऊन आला. सतरा जण आले. सतरा जणांनी वर केलेला हात पाहिला होता, आणि सतरा जणांनी माझं ऐकलं होतं. जनार्दन तर आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. त्याने तर आणलं होतं आप्पांना, पण त्याआधी पाऊण तास तोही त्याच पुलावरून फाट्याकडे गेला होता.

आई प्रत्येकाला एकच सांगायची. "तुमी काय करनार? कैलासनंच सांगितलं व्हतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरं तेच ती सांगत होती, लोकांचं मन हलकं व्हावं म्हणून. माझं मन हलकं करायला मात्र कुणी नव्हतं, आणि मी त्या लायकीचाही नव्हतो. त्या सतरा जणांसमोर मी मुंडण केलेलं डोकं खाली घालून बसून राहिलो. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की मीही होतो.

दहाव्याला अण्णासाहेब आले. म्हणाले, आप्पांच्या नावानं पुलाजवळ दोन बाकडी टाकू, वरच्या खात्याचं बघून घेऊ. आता बघून घेणार! माझ्या ओठावर शिवी आली होती. पण ज्याने स्वतः एवढं केलं त्याने दुसऱ्याला काय बोलायचं? मी हात जोडले.

तेरावा झाला, पाहुणे गेले. दुपारी रेश्मा माहेरच्यांना फाट्यावर सोडायला गेली होती. आई एकटीच तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो.

"आई, त्या दिवशी मी पण तितनंच गेलो."

तिचा हात सुपात तसाच राहिला. "कवा?"

"सव्वाआठच्या फेरीला. पुलापाशी उभे व्हते."

"हात केला व्हता?"

"व्हय."

तिने सुपातला एक खडा उचलला, बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय म्हनले का?"

"तोंड हललं. काच वर व्हती, एसी चालू व्हता."

"मंग ऐकू आलं नसंल तुला."

"न्हाई."

"एसी लावला की काय ऐकू येतंय? न्हाईच यायचं." ती परत तांदूळ निवडायला लागली. "हे आता कुनाला सांगू नगं. रेश्माला बी न्हाई. जा, जेव जा."

मी उठलो. ऐकू आलं नव्हतं, हे खरं आहे. पण आप्पा मला हाक मारताना त्यांचं तोंड कसं दिसतं, हे मी चाळीस वर्षं पाहत आलो होतो. ते 'कैलास' म्हणत होते. ते मला काचेतून दिसलं होतं, आणि तरी मी हॉर्न वाजवला होता. एवढं मी आईला सांगितलं नाही.