सोफिया ते स्कोप्ये, दारापासून दारापर्यंत

पहिला ठोसा तोंडावर बसला तेव्हा स्पासेच्या हातात प्रवाशांच्या नावाची पाटी होती. ती त्याने सोडली नाही. दुसरा बरगडीत बसला, तेव्हा मात्र पाटी टाकून सोफिया विमानतळाच्या खांबाला धरावं लागलं.

"गिऱ्हाईक पेट्रोल पंपापलीकडून उचलायचं, सांगितलं होतं ना तुला?" पिवळ्या टॅक्सीवाल्यांतला जाडा म्हणाला. "दारापर्यंत कशाला तडमडलास?"

"माझ्या प्रवासी बाई काठी टेकत चालतात. त्या तिथवर चालणार कशा?"

"बाईंना आम्ही नेतो की. बोल, अजून बोल. तुमची भाषा म्हणजे आमचीच, फक्त बोबडी. ऐकायला मजा येते."

मग तिघांनी त्याला लोळवून लाथा घातल्या. भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. जमिनीवरून स्पासेला चौथा माणूस दिसला. पिकल्या मिशांचा, टॅक्सीला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा. तो पुढे आला नाही आणि त्याने मानही वळवली नाही. लाथांचं काय, लाथा मारणारा मारतो. पण त्या बिया सोलण्याचा स्पासेला फार राग आला.

हॉलंडची म्हातारी जोडी बाहेर आली तेव्हा स्पासे रुमालाने ओठ पुसत पाटी धरून उभा होता. बाई घाबरून डॉक्टर डॉक्टर करू लागल्या. त्याने त्यांची बॅग डिकीत ठेवली आणि म्हणाला, "आपण वेळेत आहोत."

असा हा माणूस. वय एकोणसाठ. बावीस वर्षं स्कोप्ये ते बितोला बस चालवली, आणि एकदाही स्टॉप चुकवला नाही याचा त्याला कोण अभिमान. बस बंद झाल्यावर एका लहानशा कंपनीची गाडी घेतली. स्वस्त विमानं शेजारच्या देशात, सोफियाला उतरतात. तिथून माणसं उचलायची, आपल्या राजधानीत, स्कोप्येला आणायची, तिथली ठरलेली तीन ठिकाणं दाखवायची आणि हॉटेलच्या दारात सोडायची. त्या दिवशीही त्याने तिन्ही दाखवली. श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरत होती. तरी भूकंपात काटे थांबलेलं स्टेशनचं घड्याळ दाखवलं, दगडी पूल दाखवला, जुन्या बाजारात कबाब कुठे खायचे तेही सुजलेल्या ओठांनी सांगितलं. घरी बायकोने, रात्काने, त्याचा शर्ट काढला आणि काळ्यानिळ्या बरगडीवर ओला रुमाल धरला.

"कोणाशी भांडलास?"

"मी कुठे भांडलो? मी मार खाल्ला."

दहा दिवस तो बरगडीला पट्टा बांधून घरी होता. अकराव्या दिवशी ल्युप्चोचा फोन आला. ल्युप्चो म्हणजे त्यांच्या ड्रायव्हरांतला आडदांड गडी, कोणाच्याही भानगडीत आधी हात घालणारा.

"काका, किल्ल्याखालच्या पार्किंगमध्ये या. सोफियाचा एक सापडलाय."

स्पासे गेला. जायला नको होतं, हे त्याला निघतानाच कळत होतं. पण दहा दिवस खाटेवर पडून त्याने त्या तिघांची हाडं मनातल्या मनात कितीदा तरी मोडली होती, आणि निदान एक तरी रडताना बघावा असं त्याला वाटत होतं. खोटं कशाला बोला.

पिवळ्या टॅक्सीची पुढची काच आधीच फुटली होती. चौघांच्या कोंडाळ्यात माणूस उभा होता, नाकातून रक्त, पिकल्या मिशा लाल झालेल्या. तोच, बिया सोलणारा.

"नाव सांग काकांना," ल्युप्चोने त्याची कॉलर आवळली.

"मेतोदी," तो म्हणाला. "माझे प्रवासी हॉटेलात गेले. मला जाऊ द्या. मी काही केलं नाही."

"ते काका सांगतील. आमचे काका खोटं बोलत नाहीत. काका, हाच का?"

मेतोदीने स्पासेकडे बघितलं. त्याला ओळख पटली, हे स्पासेला त्याच्या डोळ्यांत दिसलं. सगळं आता एका शब्दावर होतं. मी याला कधी पाहिलंच नाही, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं.

"मारणाऱ्यांत हा नव्हता," स्पासे म्हणाला.

"मग कोणात होता?"

"बाजूला उभा होता."

"काय करत होता?"

"बघत होता," स्पासे म्हणाला. खरं होतं तेच बोलला.

ल्युप्चोने मान डोलावली. "बघत होता," तो इतरांना म्हणाला, आणि हातातला चाकाचा पाना मेतोदीच्या पोटात घातला.

"अरे नको, नको म्हणतोय ना मी!" स्पासे मध्ये घुसला. दोघांनी त्याला अलगद, वडीलधाऱ्याला धरावं तसं मागे ओढलं. "तुमच्यासाठीच चाललंय, काका. तुम्ही शांत बसा." खाली पडलेला मेतोदी डोकं हातांनी झाकत होता. पाना त्या हातांवर पडला. काड्या मोडल्यासारखा आवाज झाला. मग ते लाथांनी मारू लागले आणि कोणी मोजत नव्हतं.

"ते तिघं होते रे," मेतोदी खालून म्हणाला, स्पासेलाच. "मी एकटा काय करणार होतो?"

स्पासेला धरणारे हात आता सैल होते. सुटायचं तर केव्हाच सुटता आलं असतं.

ते दमल्यावर तो मेतोदीजवळ गेला, बरगडी धरून वाकला आणि त्याला उठवून त्याच्याच टॅक्सीत बसवलं. "किल्ली दे. त्या हाताने तू चालवणार नाहीस."

"त्याला सोडायला गेलात तर परत आमच्यात उभं राहू नका," ल्युप्चो म्हणाला.

"नाही राहत."

दवाखान्यात नेतो, असं स्पासे दोनदा म्हणाला. मेतोदीला स्कोप्येत थांबायचंच नव्हतं. त्याने डाव्या हाताने जावयाला फोन लावला आणि सरहद्दीच्या नाक्यावर ये एवढंच सांगितलं. फुटक्या काचेतून वारा तोंडावर येत होता. वाटेतलं कुमानोवो मागे गेलं, डोंगर लागले. एकदा मेतोदी कण्हला तेव्हा स्पासेने गाडी हळू केली, खड्डे चुकवत नेली. आयुष्यभर हेच तर केलं होतं त्याने. माफी मागायला हवी होती. त्याने फक्त आणखी एक खड्डा चुकवला.

जावई नाक्याच्या अलीकडेच येऊन थांबला होता, बरोबर दोन मित्र. सासऱ्याचा हात बघितला आणि त्याने डिकीतून लोखंडी सळई काढली.

"कोणी केलं?" त्याने स्पासेची छाती गाडीवर दाबली. बरगडीतून कळ डोक्यात गेली. "बाबा, हा होता का तिथे?"

स्पासेने अंग सोडलं. होतो, असं सांगायला तो तयार होता. त्याला वाटलं, बसू दे, एकदा हिशेब तरी मिटेल.

मेतोदी गाडीतून उतरायला धडपडत होता. त्याने स्पासेकडे नीट बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "हा तिथे नव्हताच. रस्त्यात भेटला. मला बघून थांबला बिचारा."

सळई खाली आली. जावयाने स्पासेचा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी दाबला, डोळे भरून म्हणाला, "देव तुमचं भलं करो, काका. अशी माणसं कुठे राहिलीत आता."

मेतोदीने तिकडे पाठ केली होती. मित्रांनी त्याला उचलून मागच्या सीटवर आडवा केला. दोन्ही गाड्या नाका ओलांडून गेल्या. स्पासे ट्रकच्या रांगेच्या कडेने स्कोप्येच्या दिशेने परत चालू लागला. लाज एवढी वाटत होती की ट्रकमधल्या एकाने "कुठे सोडू का?" विचारलं तेव्हा त्याला वर बघवेना. मानेनेच नको म्हणून तो चालत राहिला.