सीट चार बोटं खाली

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी माझ्या सायकलच्या दुकानात एका वाकड्या चाकाचा आउट काढत होतो.

"टेम्पो घेऊन ये," ते हळूच म्हणाले. "तुझ्या ताईचा गुडघा गेलाय. आणि मी बोलावलं म्हणून तिला सांगू नकोस."

आता टेम्पो काय खिशात लपवून न्यायचा होता? पण आमचे भाऊजी असेच. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, सेकंदाचा हिशेब बरोबर, व्यवहाराचा आनंदीआनंद.

ताई तीस वर्षं नर्स होती. ती निवृत्त झाली आणि दोघांनी ठरवलं, सायकलने समुद्रापर्यंत जायचं. सोळाशे किलोमीटर! साठी उलटलेली माणसं. मी म्हणालो, हे हात दाखवून अवलक्षण आहे. ऐकतंय कोण? शेवटी दोन्ही सायकली मीच बांधल्या, दोघांची मापं घेऊन सीटच्या दांडीवर कानशीने खूण केली, आणि मनात म्हटलं, आठ दिवसांत परत येतील. त्याला आता तेहतीस दिवस झाले होते. चौदाशे किलोमीटर मागे पडले होते. माझा अंदाज सपशेल चुकला होता आणि त्याचा मला थोडा रागही आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. घाटाच्या पायथ्याचं साधं लॉज. खोलीत खिडकीच्या गजांना मोजे वाळत घातलेले, खुर्चीवर मलमाच्या तीन ट्यूब. ताई उशीवर पाय ठेवून पडली होती. चेहरा रापून ओळखू येईना.

"तू कसा काय इकडे?"

"सहज आलो," मी म्हणालो. चौदाशे किलोमीटर सहज! तिने भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी छताकडे.

मग ती बोलत सुटली. सलग तीन दिवस समोरून वारा. उतारावरही पेडल मारायला लागायचं. बसायच्या जागी फोड आले, तेव्हा उभ्याने जेवली. भाऊजींची दोन बोटं हँडल धरून धरून बधिर झाली, शर्टाचं बटण तीच लावून द्यायची. "आणि एक दिवस तर आम्ही फक्त 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' एवढंच बोललो. भांडण कशावरून झालं ते संध्याकाळी दोघांनाही आठवेना."

हे सगळं ती हसत सांगत होती. मी बहाद्दरांना नावं ठेवायला आलो होतो, पण ठेवू कशी? मी दुकानातून घरी चालत जातो तेव्हासुद्धा दोनदा थांबतो.

सायकली टेम्पोत चढवाव्यात म्हणून अंगणात गेलो. ताईची सायकल उचलली आणि तिथेच थबकलो. मी केलेली खूण दिसेना. ती दांडीबरोबर आत गेली होती. सीट चार बोटं खाली!

"भाऊजी!" माझा आवाज चढला. "सीटला हात कोणी लावला?"

ते खाली आले. "मीच. रस्त्यात थांबताना तिचा तोल जायचा रे. पाय जमिनीला टेकावेत म्हणून एक दिवस जराशी खाली घेतली. मग परत जराशी. रोज संध्याकाळी, किंचित."

घड्याळजीचं किंचित! महिनाभर रोज किंचित. सीट खाली गेली की गुडघा पुरता सरळ होत नाही, सगळा जोर त्यावरच येतो. हे मी त्यांना ओरडून सांगितलं. मायेपोटी माणसाने बायकोचा गुडघा कामातून घालवला होता, आणि नर्सबाई महिनाभर त्याच गुडघ्याला पट्ट्या बांधत बसल्या होत्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी पाना काढला, सीट जागेवर आणली. दोन दिवस ताईला खाटेवरून हलू दिलं नाही. तिसऱ्या सकाळी तिने अंगणात चार फेऱ्या मारल्या. मग लॉजच्या मागच्या चढावर गेली आणि परत आली.

"कुरकुरतोय, पण ओरडत नाही!" तिचा चेहरा फुलला होता. "उद्या घाट."

भाऊजींचा चेहरा मात्र उतरला. "टेम्पो आलाच आहे तर..." ते पुटपुटले.

"तुम्हीच बोलावलात ना? कळलं होतं मला. पण आता गुडघा बरा आहे."

"गुडघ्यासाठी नव्हता बोलावला." ते पायरीवर बसले. "माझ्यासाठी बोलावला. पाय ठीक आहेत गं. पण सकाळी डोळे उघडले की रडू येतं. रोज उठायचं, रोज तोच रस्ता. आठ दिवस झाले. तू एवढं दुखणं घेऊन चालवत होतीस, तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

मी पान्याकडे बघत राहिलो. भाऊजींना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

ताई त्यांच्या शेजारी बसली. "मग तसं सांगायचं. माझ्या गुडघ्याच्या नावावर कशाला खपवता?" थोड्या वेळाने म्हणाली, "जायचं असेल तर घरी जाऊ. आत्ता निघू. एकटीने समुद्र बघून मी काय करू?"

ती मनापासून म्हणत होती. तेहतीस दिवस झिजून शेवटचे दोनशे किलोमीटर सोडायला ती तयार होती, आणि तेही चेहऱ्यावर आठी न आणता. मला ती माझी सख्खी बहीण आहे याचा त्या क्षणी फार अभिमान वाटला.

भाऊजी पायरीवरून उठले. "घाट चढून बघतो," ते शेवटी म्हणाले. "टेम्पो मागे राहू दे."

सकाळी निघालो. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. भाऊजी दुसऱ्या वळणावर थांबले, तिसऱ्यावर थांबले, चौथ्यावर उतरून दगडावर बसले. ताईने ना धीर दिला, ना घाई केली. एक केळं सोलून निम्मं त्यांना दिलं, निम्मं स्वतः खाल्लं. मला वाटलं, संपलं. मी खाली उतरून टेम्पोचा फाळका उघडला.

तो आवाज ऐकून भाऊजी उठले आणि माझ्याकडे आले. डोळे लाल होते.

"फाळका लाव," ते म्हणाले. "आणि तू घरी जा."

"अहो, अजून नऊ वळणं आहेत!"

"म्हणूनच जा. मागे तू आहेस म्हणून मी दर वळणाला थांबतोय. तू नसलास की पुढेच जावं लागेल."

ते वळले आणि सायकल ढकलत चालू लागले. बसून चालवण्याइतकं बळ अजून गोळा झालं नव्हतं. ताईला चालवता आली असती, गुडघा साथ देत होता. पण ती सीटवरून उतरली आणि त्यांच्या बरोबरीने आपली सायकल ढकलू लागली.

मी दोघांना पाणी पुरेसं घेतलं नाही म्हणून उगाच मागून ओरडलो. मग फाळका लावला आणि टेम्पो वळवला. रिकामा फेरा पडला याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.