शेवटच्या स्वराआधीची दाद

वाद्यं

न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावच्या चर्चमध्ये व्हायोलिनं हळूहळू चढत होती. कुण्या राजाच्या राज्याभिषेकासाठी लिहिलेलं बरोक काळातलं समूहगान. आधी वाद्यांनी ताटकळत ठेवायचं, मग गाणाऱ्यांनी एकदम उसळायचं. मागच्या रांगेत, खर्जात गाणाऱ्या बेसवाल्यांत, चंद्रशेखर ओठ घट्ट मिटून उभा होता.

त्याला कारण होतं.

त्याआधी, तालमीत

पुण्यात मैफली ऐकत वाढलेला माणूस. जागा सुंदर आली की 'वा!' निघणारच. सोप्रानोंची, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या बायकांची, तान वर गेली आणि निघाली. पुढच्या मंगळवारी 'क्या बात है!' चक्क हात उडवून. कॉयरची, म्हणजे या गायकवृंदाची, संचालिका ज्यूडिथ, तिने ताल दाखवायची छडी खाली ठेवली.

"शेखर, कॉन्सर्टमध्ये हे झालं, तर पुढच्या वर्षी तू प्रेक्षकांत बसायचंस."

घरी येऊन त्याने ते बायकोला सांगितलं. दहा वर्षांत या देशात मंगळवारची संध्याकाळ तेवढी त्याला आपली वाटायची. साठ माणसं एकाच वेळी श्वास घेतात, त्यांतला एक आपला.

"माझ्या आमटीला कधी निघाली नाही ती दाद," स्नेहलता म्हणाली. "तिथे बरी निघते!"

"अगं, आपोआप येते."

"हो, तेच म्हणतेय मी."

तरी डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, घशाच्या गोळ्या तिनेच आणल्या.

गाणारे

उसळले! तुताऱ्या, नगारे, साठ गळे. न्यूझीलंडच्या गारठ्यातून तो जुना राजा खरंच दारातून आत आला असावा, असं. चंद्रशेखर मनापासून गात होता. तान आली, गेली. 'वा' निघाली नाही.

विराम

शेवटच्या स्वराआधी सगळे एकदम थांबतात.

 

अशा शांततेला दाद द्यायची नाही, तर कशाला द्यायची? 'वा' घशापर्यंत आली. त्याने दात आवळले, बोटं वळली, डोळ्यांत पाणी आलं. गिळली. जिंकला!

शेवटचा स्वर

एकोणसाठ जणांनी गायला. चंद्रशेखर अजून गिळतच होता.

टाळ्यांनंतर

ज्यूडिथने त्याचा हात धरून गदागदा हलवला. "शाब्बास, शेखर! विरामात हूं नाही की चूं नाही. पुढच्या वर्षी नक्की ये."

तो प्रामाणिक माणूस. "ज्यूडिथ, खरं सांगायचं तर शेवटी मी..."

"तोंड उघडू नकोस," स्नेहलता शेजारून मराठीत पुटपुटली. "पाहिलंय मी. आत्ता कुठे गप्प बसायला जमायला लागलंय तुला."